कमी बजेटमध्ये गाडी लोअर करताना: आधी चाल मोजा, मग स्प्रिंग निवडा

टायर आणि मडगार्ड यांच्यातली मोठी फट एकदा डोळ्यांत खुपायला लागली की गाडी लोअर करायचं, म्हणजे खाली आणायचं, डोक्यातून जात नाही. माझ्या पहिल्या गाडीला मी फक्त लोअरिंग स्प्रिंग घेतल्या, शॉक (स्प्रिंगची उसळी रोखणारे) जुनेच ठेवले आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, नंतर बघू म्हणून सोडून दिली. उभी असताना गाडी देखणी दिसायची. चालताना मात्र रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर मागून टणकन आवाज यायचा. काही महिन्यांत पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडा तारा दिसेपर्यंत झिजल्या. बाहेरून टायर नव्यासारखे होते, त्यामुळे चाक काढेपर्यंत काही कळलंच नाही. नवे टायर, नवे शॉक आणि दुसऱ्यांदा दिलेली मजुरी धरली, तर सुरुवातीलाच जुळवलेला पूर्ण सेट घेणं स्वस्त पडलं असतं.

तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: बजेट कमी असेल तर गाडी कमी खाली करा. पहिले २५ ते ३० मिलिमीटर बहुतेक गाड्यांना फारसा त्रास न होता झेपतात. त्यापुढचा प्रत्येक सेंटिमीटर आणखी एखादा भाग मागतो: आखूड शॉक, चाकाचा कल जुळवणारे कॅम्बर बोल्ट, लिंक रॉड, आर्म आणि चाक जोडणारा बॉल जॉइंट. हे भाग टाळले तर खर्च वाचत नाही, तो टायरच्या झिजेतून वसूल होतो.

लोअर करून नेमकं काय मिळतं

वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांकडे सरकतो. किती सरकतो, हे गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर यांवर ठरतं. साध्या कारचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५५० मिलिमीटरवर धरला, तर ३० मिलिमीटर खाली आल्याने ही सरकासरकी सुमारे ५ टक्क्यांनी घटते. फायदा आहे, पण छोटा. लोअर केलेली गाडी वळणावर चपळ वाटते ती मुख्यतः स्प्रिंग कडक झाल्यामुळे आणि शॉक नवे बसल्यामुळे.

म्हणून स्वतःला आधी विचारा की आपल्याला दिसणं हवंय की चालवणं. फक्त चालवणं सुधारायचं असेल तर पहिला पैसा चांगल्या टायरवर घाला, दुसरा नव्या शॉकवर आणि तिसरा जाड अँटीरोल बारवर (वळणावर गाडीचं कलणं रोखणारी दांडी). गाडी एक मिलिमीटरही खाली न आणता मोठा फरक पडेल. दिसणं हवं असेल तर तेही पुरेसं कारण आहे, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. फक्त मग कंपनीने दिलेलं चालवण्याचं सुख घालवू नये, एवढंच पाहायचं.

पहिलं पाऊल: आधीच झिजलेलं शोधा

गाडी जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीही शिरू नका. शॉकच्या अंगावर तेल ओघळलंय का, चकचकीत दांड्यावर ओरखडे किंवा गंज आहे का, लोअर आर्मचे (गाडीला चाकाशी जोडणाऱ्या खालच्या दांडीचे) रबरी बुश फाटलेत का, बॉल जॉइंटचं रबर चिरलंय का, हे एकेक बघा. चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेला आहे. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर स्टिअरिंगच्या टाय रॉडकडे संशय जातो. टायरवर थोड्या थोड्या अंतराने लाटांसारखी झीज दिसत असेल, तर शॉक बहुधा संपलेला आहे आणि चाक रस्त्यावर उड्या मारतंय.

हे आधी बदलायचं. सैल बुशवर कडक स्प्रिंग बसवली की जास्तीचा जोर थेट त्या बुशवर येतो, आणि अलाइनमेंटच्या मशीनवर दिसणारे आकडे रस्त्यावर टिकत नाहीत.

दुसरं पाऊल: चाल मोजा

चाक वर-खाली किती हलू शकतं त्याला मेकॅनिक ट्रॅव्हल म्हणतात. इथे मी चाल म्हणतो. लोअरिंगचा सगळा हिशोब या एका गोष्टीभोवती फिरतो, तरी ती मोजणारा क्वचितच भेटतो.

युक्ती सोपी आहे. शॉकच्या दांड्यावर असलेलं धूळरोधक रबर वर सरकवा आणि दांड्याभोवती एक प्लॅस्टिकची झिपटाय घट्टसर बांधून ती शॉकच्या तोंडाशी टेकवा. गाडी जमिनीवर असताना झिपटायपासून बंप स्टॉपपर्यंतचं, म्हणजे चाल संपते तिथल्या धक्का अडवणाऱ्या रबरापर्यंतचं, अंतर मोजून लिहून ठेवा. आता आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा: नेहमीचे खड्डे, नेहमीचे स्पीडब्रेकर, नेहमीची माणसं. शॉक दबला की झिपटाय वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. ती किती वर गेली, तेवढी चाल तुम्ही रोज वापरता. तिच्यापासून बंप स्टॉपपर्यंत जे अंतर राहिलं, तेवढीच तुमची शिल्लक.

समजा पुढच्या बाजूला सुरुवातीला ६० मिलिमीटर अंतर होतं आणि रोजच्या वापरात ४० मिलिमीटर खर्च होतात. शिल्लक २०. नुसती स्प्रिंग बदलून गाडी ३० मिलिमीटर खाली आणली, तर शॉकचा दांडा उभ्या गाडीतच ३० मिलिमीटर आत जाऊन बसतो. आता बंप स्टॉपपर्यंत ३० उरतात, आणि रस्ता मात्र अजूनही ४० मागतो. म्हणजे रोज कुठे ना कुठे गाडी बंप स्टॉपवर आपटणार.

स्प्रिंग कडक केली की प्रश्न मिटेल, असं वाटतं. इथे गणित आपल्या विरुद्ध जातं. धक्का पचवण्याची स्प्रिंगची ताकद कडकपणा गुणिले अंतराचा वर्ग अशी वाढते. अंतर निम्मं झालं तर तेवढाच धक्का पचवायला स्प्रिंग दुप्पट नाही, चौपट कडक हवी. अंतर एक तृतीयांश उरलं तर नऊपट. बाजारातल्या रस्त्यावरच्या लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा साधारण २० ते ३० टक्के कडक असतात. उरलेला सगळा भार बंप स्टॉपचं रबर घेतं. लोक ज्याला ‘लोअर केल्यावर राइड कडक झाली’ म्हणतात, ते बऱ्याचदा कडक स्प्रिंगचं काम नसतंच. गाडी बंप स्टॉपवर बसून चाललेली असते.

यावरचा उपाय म्हणजे आखूड शॉक. त्याचं अंगच कमी लांबीचं असतं, त्यामुळे गाडी खाली येऊनही दांडा पुन्हा मधल्या जागी येतो आणि गेलेली चाल बरीचशी परत मिळते. बिल्स्टीनच्या मालिकांमध्ये हा फरक नावातच दिसतो: बी६ मूळ लांबीचा शॉक आहे, बी८ लोअर केलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. कोणत्याही कंपनीचा शॉक घेताना पहिला प्रश्न लांबीचाच विचारा.

मागच्या बाजूला आणखी एक मेख असते. बऱ्याच गाड्यांत मागची स्प्रिंग चाकाजवळ नसते, आर्मवर आतल्या बाजूला बसलेली असते. चाक १० मिलिमीटर हललं की स्प्रिंग समजा ७ मिलिमीटरच हलते. अशा वेळी २० मिलिमीटर आखूड बसलेली स्प्रिंग गाडी जवळजवळ २९ मिलिमीटर खाली आणते. कडकपणाही त्याच प्रमाणाच्या वर्गाने घटतो: ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे चाकाला स्प्रिंगचा निम्माच कडकपणा जाणवतो. पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नाही, ती याचसाठी.

तिसरं पाऊल: गाडीची मर्यादा लोअर आर्मवर वाचा

बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉक आणि स्प्रिंग एकत्र बसवलेला उभा जोड, असतो. अर्ल मॅकफर्सन यांनी आखलेली ही रचना १९५० च्या फोर्ड कॉन्सलमध्ये आली आणि स्वस्त, सुटसुटीत असल्यामुळे जगभर पसरली. लोअर करणाऱ्यांसाठी तिची एक खोड मोठी आहे.

गाडी सपाट जागेवर उभी करून पुढचा लोअर आर्म बघा. त्याचं आतलं टोक बुशमध्ये असतं, बाहेरचं टोक बॉल जॉइंटला. मूळ उंचीवर बहुधा बाहेरचं टोक आतल्यापेक्षा खाली असतं. गाडी खाली आली की आतलं टोक तिच्याबरोबर उतरतं, बॉल जॉइंट मात्र चाकाबरोबर जागेवर राहतो. आर्म आडवा होत जातो. त्याच्याही पुढे गेलात तर तो उलटा, म्हणजे बाहेरच्या बाजूला वर चढलेला दिसायला लागतो.

इथून पुढे दोन गोष्टी बिघडतात. वळणावर चाक दबताना जो ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) मिळायला हवा तो मिळेनासा होतो, टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. दुसरं म्हणजे, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांब होते. खाली आणलेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलायला बघते, आणि तिला थोपवायला आणखी कडक स्प्रिंग लागते. खूप खाली गेलेल्या कितीतरी गाड्या दिसतात झकास आणि वळणावर रुसतात, त्यामागे हेच असतं.

म्हणून आतल्या बुशच्या बोल्टची आणि बॉल जॉइंटची जमिनीपासूनची उंची मोजा आणि वजाबाकी करा. फरक ३५ मिलिमीटर आला तर ३५ मिलिमीटर लोअर केल्यावर आर्म आडवा होईल. हा काटेकोर नियम नाही, स्ट्रटच्या तिरकेपणाचाही त्यात वाटा असतो. पण कमी बजेटच्या कामाला ही रेषा मी ओलांडत नाही. ओलांडायचीच असेल तर लांब केलेले बॉल जॉइंट आणि टाय रॉडची बदललेली टोकं यांचा खर्च धरून चला. टाय रॉड आर्मशी समांतर राहिला नाही, तर खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग न हलवताही चाक वळतं.

चौथं पाऊल: काय घ्यायचं

सगळ्यात कमी खर्चाचा शहाणा पर्याय कित्येकदा गाडीच्या कंपनीकडेच असतो. तुमच्याच मॉडेलचं स्पोर्ट व्हेरिअंट निघालं असेल तर त्याचं सस्पेन्शन बघा. ते बहुधा १० ते २० मिलिमीटर खाली असतं, आणि स्प्रिंग, शॉक, बंप स्टॉप, अँटीरोल बार सगळं एकमेकांशी जुळवून आखलेलं असतं. अपघातात गेलेल्या कमी चाललेल्या गाडीतून असा सेट मिळाला, तर मी तो नव्या पण अनोळखी नावाच्या कॉइलओव्हरपेक्षा (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा जोड) डोळे झाकून पसंत करीन. पार्ट नंबर मात्र जुळवून घ्या. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मॅन्युअलपेक्षा जड असू शकतो, आणि कंपनी त्याप्रमाणे वेगळ्या स्प्रिंग देते. हलक्या गाडीची स्प्रिंग जड गाडीत घातली तर ठरवल्यापेक्षा जास्त खाली बसते.

फक्त लोअरिंग स्प्रिंग हा पुढचा पर्याय. तो मी दोन अटींवर मान्य करतो: उतार ३० मिलिमीटरच्या आत असावा आणि शॉक खरोखर चांगल्या स्थितीत असावेत. स्प्रिंग कडक झाली की तिची उसळी रोखायला शॉकचा जोरही वाढायला हवा, पण वर्गमुळाच्या प्रमाणात. २५ टक्के कडक स्प्रिंगला सुमारे १२ टक्के जास्त रोध लागतो. ताजा मूळ शॉक एवढं कसंबसं सांभाळतो. लाखभर किलोमीटर चाललेला शॉक नाही सांभाळत, आणि तो बदलायला तोच स्ट्रट पुन्हा उतरवावा लागतो. मजुरी दोनदा.

स्प्रिंग नावाजलेल्या कंपनीच्या घ्या. आयबाख, एच अँड आर यांसारखे निर्माते गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी आणि पुढच्या अॅक्सलवरच्या वजनाच्या टप्प्यानुसार स्प्रिंग देतात. तो टप्पा तुमच्या गाडीच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा. निनावी स्प्रिंग हातात आली तर व्हर्नियरने तारेची जाडी आणि चालणारे वेढे मोजा. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो: १२ मिलिमीटरची तार १३ झाली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी स्प्रिंग जवळपास ३८ टक्के कडक होते. ‘थोडीशी जाड आहे’ असं दुकानदार म्हणाला तर हा आकडा आठवा.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंग एकाच संचातल्या असू द्या. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना मॉरिस ऑली यांनी दाखवून दिलं की मागची बाजू पुढच्यापेक्षा थोड्या जास्त वेगाने वर-खाली झाली, तर उंचवट्यावरून गेल्यावर गाडी नाक-शेपूट डोलत राहण्याऐवजी लवकर सपाट होते. साध्या गाडीची ही लय सेकंदाला १ ते १.५ वेळा असते. फक्त पुढे कडक स्प्रिंग घालून मागे मूळच ठेवली, तर हा ताळमेळ मोडतो आणि लांबच्या रस्त्यावर मागे बसलेल्यांच्या पोटात ढवळतं.

स्प्रिंग आणि आखूड शॉक जुळवलेला तयार सेट हे माझ्या मते रोज चालणाऱ्या गाडीचं खरं उत्तर आहे. बिल्स्टीनचा बी१२ संच याच पद्धतीचा आहे: त्यांचे बी८ शॉक, आयबाखच्या स्प्रिंग. उंची बदलता येत नाही, फिरवायला बटण नाही, आणि म्हणूनच चुकायला जागाही कमी. बजेट थोडं कमी पडत असेल तर दोन महिने थांबा, पण अर्धा सेट घेऊ नका.

कॉइलओव्हरबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सर्वात जास्त पैसे इथे फुकट जातात. आट्यांची रिंग फिरवून उंची बदलायची सोय मोहात पाडते. प्रत्यक्षात बहुतेक जण पहिल्या महिन्यात उंची ठरवतात आणि पुढे रिंगला हात लावत नाहीत. स्वस्त कॉइलओव्हरमध्ये पैसा त्या आट्यांवर आणि रंगावर खर्च झालेला असतो. आतला व्हॉल्व्ह आणि सील, जे खरं काम करतात, तिथे काटकसर होते. घ्यायचेच असतील तर तीन गोष्टी विचारा. सुटे सील आणि सुटी कार्ट्रिज मिळतात का? गाडीची उंची स्प्रिंगच्या बैठकीने बदलते की खालचा कप फिरवून? बैठक खाली आणली की दांडा आत जातो आणि चाल कमी होते. खालचा कप फिरवला तर शॉकची पूर्ण लांबीच बदलते आणि चाल शाबूत राहते. आणि तिसरं, आट्यांना गंजरोधक लेप कसला आहे? पावसाळी किंवा मिठाच्या रस्त्यावर दोन वर्षांत रिंग जाम होणार असेल, तर उंची बदलायच्या सोयीचा उपयोग काय.

प्रीलोड, म्हणजे बसवतानाच स्प्रिंगवर दिलेला दाब, वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा समजही इथेच सोडून द्या. सरळ स्प्रिंगचा कडकपणा तार, व्यास आणि वेढे ठरवतात. बैठक वर केल्याने गाडी फक्त उंच होते.

आता स्प्रिंग कापण्याबद्दल. एक वेढा कापला की स्प्रिंग आखूड होते आणि वेढे घटल्यामुळे कडकही होते. सहा वेढ्यांची पाच झाली तर २० टक्क्यांनी. म्हणून लोक म्हणतात की हेच तर लोअरिंग स्प्रिंग करते. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि मूळ लांबीच्या शॉकमध्ये चाक लोंबकळलं की आखूड स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. खड्ड्यातून बाहेर येताना ती तिरकी बसली तर वेगात काय होईल याचा विचार करा. गॅसकटरने तापवून स्प्रिंग दबवणं तर त्याहून वाईट: उष्णतेने पोलादाचा टेम्पर जातो आणि तो भाग पुढे कधीही मोडू शकतो. कुणी फुकट करून देतो म्हणाला तरी नको म्हणा.

जुने शॉक घेत असाल तर हाताने दांडा पूर्ण आत दाबा आणि बाहेर ओढा. सुरुवातीला पोकळ झटका लागला, मध्येच अडला किंवा दांड्याला बोटाला जाणवेल असा ओरखडा असला, तर परत ठेवा. गॅसचा दाब असलेला मोनोट्यूब शॉक सोडल्यावर आपोआप बाहेर यायला हवा.

पाचवं पाऊल: सुटे भाग यादीत धरा

मोठ्या भागांची किंमत सगळे बघतात. बजेट बिघडतं ते छोट्या भागांनी. स्ट्रट उघडणारच आहात तर वरचं माउंट, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉप, धूळरोधक रबर आणि स्प्रिंगखालचं रबर नवं घाला. स्प्रिंगबरोबर आखूड बंप स्टॉप दिले असतील तर तेच वापरा. एकदाच वापरायचे लॉकनट आणि बोल्ट नवे घ्या. कॅम्बर बोल्टची सोय ठेवा, आणि मागच्या बाजूला पॅनहार्ड रॉड (अॅक्सल आडवा सरकू न देणारी दांडी) असेल तर गाडी खाली आल्यावर अख्खा मागचा अॅक्सल एका बाजूला सरकतो हे लक्षात घ्या; त्यासाठी लांबी बदलता येणारा रॉड लागू शकतो. अँटीरोल बारची लिंक रॉडही तशीच: बार शॉकला, आर्मला किंवा ड्राइव्हशाफ्टला टेकत असेल तर योग्य लांबीची लिंक घ्यावी लागते.

माझी पद्धत अशी की हातात असलेल्या एकूण पैशातला पाचवा हिस्सा मी या छोट्या भागांसाठी आणि अलाइनमेंटसाठी आधीच बाजूला काढतो. उरलेल्यात जे बसतं तेच घेतो.

सहावं पाऊल: बसवताना

काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा. जमिनीपासून नको, कारण मग टायरची हवाही मापात येते. जागा सपाट, गाडीत माणसं नाहीत. चारही आकडे लिहून ठेवा.

दाबलेली स्प्रिंग या कामातली सगळ्यात धोकादायक वस्तू आहे. तिच्यात शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर चांगल्या दर्जाचा आणा, दोन्ही हूक समोरासमोर लावा, दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या आवळा, आणि स्प्रिंगच्या टोकांच्या रेषेत तोंड किंवा हात आणू नका. वरचा नट स्प्रिंग बैठकीवरून मोकळी झाल्याशिवाय पूर्ण सोडायचा नाही. हे कधी केलं नसेल तर एवढा भाग वर्कशॉपकडून करून घ्या, बाकीचं स्वतः करा. मजुरी बरीच वाचते.

वरचा नट आवळताना दांडा फिरतो, म्हणून लोक तो पकडीने धरतात. चकचकीत दांड्यावर पकडीचा एक ओरखडा पडला की नवा शॉक काही दिवसांत तेल सोडायला लागतो. दांड्याच्या टोकाला ॲलन कीची जागा असते, तिथे धरा. स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकलं पाहिजे. स्प्रिंगवर छापलेली अक्षरं बहुधा सरळ वाचता येतील अशी बसतात. ब्रेकची नळी आणि एबीएसची तार ताणलेली किंवा स्प्रिंगला घासणारी नको.

आता सर्रास चुकणारी गोष्ट. लोअर आर्मचे रबर बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेले असतात. गाडी हवेत, चाक लोंबकळत असताना त्यांचे बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली ठेवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते लवकर फाटतं आणि तोपर्यंत गाडी ठरवल्यापेक्षा उंच बसते. म्हणून हे बोल्ट आधी फक्त लावून ठेवा. गाडीचं वजन चाकांवर आलं की, म्हणजे रॅम्पवर किंवा आर्मखाली जॅक देऊन, टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या आकड्यावर आवळा.

सातवं पाऊल: खाली ठेवल्यावर

पहिल्या फेरीला एकटे, हळू जा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटापर्यंत फिरवून बघा टायर कुठे घासतोय का. मग मागे माणसं बसवून पुन्हा बघा. नव्या स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात, म्हणून बारीक अलाइनमेंट त्यानंतर करा. पण त्याआधी टो (वरून बघताना चाक किती आत किंवा बाहेर वळलंय) ढोबळ तरी सरळ करून घ्या, तेवढे दिवसही तसंच चालवायला नको.

अलाइनमेंटमध्ये लोक कॅम्बरला घाबरतात. मॅकफर्सन गाडीत ३० मिलिमीटर उताराने अर्धा ते एक अंश ऋण कॅम्बर वाढतो, आणि टायर तो सहन करतो. टायर खातो तो टो. चाक पाव अंश जरी आत-बाहेर वळलेलं राहिलं, तरी एक किलोमीटर जाताना ते सुमारे साडेचार मीटर आडवं फरपटल्यासारखं होतं. माझ्या त्या टायरच्या आतल्या कडा अशाच गेल्या होत्या. मशीनवाल्याकडून आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागून घ्या आणि मागच्या चाकांचेही आकडे बघा. मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी एकच तुळई) असेल तर तिथे सहसा काही बदलता येत नाही, तरी आकडा माहीत असलेला बरा.

हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्या. पुढची आणि मागची बाजू सारखी खाली आली नसेल तर झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांवर येतो किंवा पायाशीच पडतो. आर्मला जोडलेला उंचीचा सेन्सर असेल तर तो नव्या उंचीला शून्यावर आणावा लागतो. पुढच्या काचेवर कॅमेरा किंवा बंपरमागे रडार असलेल्या गाडीत काही कंपन्या उंची बदलल्यावर कॅलिब्रेशन सांगतात. मॅन्युअल उघडून बघा.

जुन्या गाड्यांत एक भाग असा असतो की त्याची आठवणही येत नाही. मागच्या अॅक्सलला दांडीने जोडलेला, भार ओळखणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह. मागे सामान भरलं की गाडी दबते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. लोअर केलेल्या रिकाम्या गाडीलाही तो भरलेलीच समजतो. जोराचा ब्रेक लागला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गोल फिरते. तुमच्या गाडीत तो असेल तर नव्या उंचीप्रमाणे त्याची दांडी जुळवल्याशिवाय रस्त्यावर आणू नका.

कायद्यात उंची बदलायला परवानगी आहे का, नोंद करावी लागते का आणि विमा कंपनीला कळवायचं असतं का, हे खरं तर भाग मागवायच्या आधी विचारायचं असतं. प्रमाणपत्र असलेला भाग घेतला असेल तर त्याचा कागद गाडीतच ठेवा.

हजारेक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट एकदा टॉर्क रेंचने तपासा, चारही उंची पुन्हा मोजून पहिल्या आकड्यांशेजारी लिहा आणि टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. शॉकच्या दांड्यावर नवी झिपटाय बांधून आठवडाभर चालवा. ती बंप स्टॉपला भिडून वाकडी झाली असेल तर गाडी अजून जास्त खाली आहे. आणि काढलेल्या मूळ स्प्रिंगवर पुढची, मागची, डावी, उजवी असं रंगाने लिहून त्या कोरड्या जागी ठेवून द्या. गाडी विकताना नवा मालक त्याच मागतो.